आधी झोप जाते

(दृश्य: कपाशीचं शिवार, सकाळची वेळ)

विदर्भातल्या गावात ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हणतात, झोप येत नाही. डोकं जड राहतं. कामात जीव लागत नाही. मग बीपी तपासलं जातं, सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात. असेच महिने जातात. पेपरात आत्महत्येची बातमी येते ती या महिन्यांच्या शेवटी.

आम्हाला पाहायचे होते हे मधले महिने.

2013-14 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पाच्या 30 गावांत पाहणी झाली. झोप, भूक, थकवा, जगण्याचा कंटाळा, प्रश्न नऊच. नैराश्याची लक्षणं दिसलेल्या शंभरांतल्या जेमतेम चौघांनी उपचार घेतले होते.

(दृश्य: ओसरीवर बसलेल्या दोघी)

मग आरोग्य कार्यकर्ते वस्त्यांवर छोट्या बैठका घेऊ लागले, घरी जाऊ लागले. ज्यांचं दुखणं खोल, त्यांच्याकडे जात प्रशिक्षित समुपदेशक. हे डॉक्टर नव्हेत. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने घडवलेली त्यांची पद्धत अगदी साधी वाटते: पूर्वी काय आवडायचं ते विचारायचं, सुटलेलं एखादं काम पुन्हा धरायला लावायचं. भजनाला जाणं असेल, माहेरी फोन करणं असेल. पुढच्या भेटीत त्याचीच चौकशी. मन लागेल तेव्हा काम करू, असं म्हणत थांबायचं नाही. काम करता करताच मन लागतं. औषधांची गरज असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ.

दीड वर्षाने पुन्हा पाहणी झाली. उपचार घेणारे चाराचे सत्तावीस झाले होते. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असं सांगणारे शंभरामागे पाच होते, ते अडीचवर आले.

तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या प्रकल्पाला देता येणार नाही. आणि शंभरातले त्र्याहत्तर अजूनही उपचारांविनाच होते. तरीही चार ते सत्तावीस हे अंतर आम्हाला फार मोठं वाटतं. दार तज्ज्ञाने नव्हे, ओळखीच्या माणसाने ठोठावलं होतं.

(दृश्य: रात्र, हातातला मोबाईल)

जिथे असं कुणी येत नाही, तिथे ऑक्टोबर 2022 पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. क्रमांक 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. आजाराचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं. ‘झोप येत नाही,’ एवढं सांगून सुरुवात करता येते.