पुठ्ठ्याचा आडोसा

(अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात पाडव्याला, २ नोव्हेंबर २०२४ ला केलेलं भाषण. वेबसाईटसाठी थोडं सरळ केलंय, मधला माईकचा गोंधळ काढलाय.)

नमस्कार मंडळी. आपल्या अध्यक्षांनी मला सांगितलं होतं, दहा मिनिटं बोला, हलकंफुलकं बोला अन् राजकारण नको. यातलं दहा मिनिटांचं तेवढं पाळायचा प्रयत्न करतो.

मागच्या रविवारी आमच्या घरी भांडण झालं. पोरगी अठरा वर्षांची झाली, अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पहिलंच मत, पोस्टाने आलेली मतपत्रिका डायनिंग टेबलवर पसरून काळ्या पेनाने गोल भरत बसली होती. मी चहा द्यायला गेलो. आता आमच्या सौ. तिथे मागे बसून हसतायत, कारण गेल्या वीस वर्षांत मी कुणाला चहा नेऊन दिलेला नाही. गेलो, मागे उभा राहिलो, अन् म्हटलं, "बेटा, नीट विचार कर बरं, पेनसिल्व्हेनियाचं मत आहे." तिने परीक्षेत झाकतात तसा हात आडवा धरला अन् म्हणाली, "बाबा, आजीला निदान पुठ्ठ्याचा आडोसा होता. मला तू आहेस."

कागद उचलला, वर गेली, दार लावलं. चहा मीच प्यायलो.

ही पुठ्ठ्याची भानगड जूनमधली. आम्ही गावी गेलो होतो. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिथून शकुंतला रेल्वे जायची, आता जात नाही, बाकी सांगत नाही, अर्ध्या हॉलच्या डोळ्यात पाणी येईल. लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला झालं होतं, तरी आईच्या बोटाच्या नखावर टोकाला शाईची रेघ शिल्लक होती. पोरीला त्याचं फार अप्रूप. रात्री लाईट गेलेली, दोघी अंगणात बाजेवर, अन् ती आजीला विचारते, आजी तू कोणाला दिलं? आई म्हणे, "तुह्या आजोबाले नाही सांगतलं कधी, तुले काहून सांगू?"

मी उठूनच बसलो. कारण आमचे बाबा पक्के पार्टीवाले. काँग्रेसचं चिन्ह गाय-वासरू होतं तेव्हापासून. मतदानाच्या दिवशी बंडी जुंपायची, आईला अन् काकूला बसवायचं, शाळेपर्यंत चिन्ह घोकून घ्यायचं, अन् संध्याकाळी पारावर सांगायचं, आपल्या घरची चारही मतं पक्की. जाईपर्यंत त्यांचा तोच हिशोब होता. आई पोरीला सांगत होती, "हाव म्हनाव, अन् मनात असन थेच कराव. आत काय थे येत होते पाहाले? पुठ्ठा राह्यते नं मधात."

पोरगी हसून हसून बाजेवरून पडायची राहिली. मी नाही हसलो. मला बाबांचं वाईट वाटलं, खरंच सांगतो. चार मतं मोजायचा तो माणूस.

आता मी कोण बोलणारा ते आधी सांगून टाकतो. मला इथे मत नाही. ग्रीनकार्डच्या रांगेतली माझी प्रायॉरिटी डेट २०१३ ची आहे, इथल्या अर्ध्या लोकांना कळलं, बाकीच्यांनी त्यांना विचारा पण हळू आवाजात. गावच्या यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं, तिकीट काढून सुट्टी टाकून कोण जातो? म्हणजे हातात मत एक नाही अन् तोंडात मतं छप्पन. अन् ज्या पोरीला मी मत कसं द्यावं हे शिकवायला गेलो, ती तीन वर्षांनी एकवीसची झाली की तीच माझ्या ग्रीनकार्डचा अर्ज भरणार आहे. तरी चहा घेऊन गेलो.

मला वाटायचं लोक कसे निवडतात हे आपल्याला कळतं. आपण गावचे, इलेक्शनमध्येच मोठे झालो. आता इथे चार महिने व्हॉट्सॲपवर काय चाललंय, तर कमलाबाई हॅरिस आपल्या, त्यांची आई तामिळनाडूची, इडली खातात. दुसऱ्या ग्रुपवर, ट्रम्पचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स आपले, बायको तेलुगू, म्हणजे जावईच. दोन्हीकडे पाहुणे निघाले, आता देता कुणाला? २००७ ला आमच्याकडे असंच झालं होतं. राष्ट्रपतीपदाला प्रतिभाताई पाटील, अमरावतीच्या सूनबाई, सासरचं आडनाव शेखावत, अन् समोर एनडीएच्या पाठिंब्याचे भैरोसिंह, तेही शेखावत. शिवसेना तेव्हा एनडीएत, तरी मराठी माणूस म्हणून ताईंना मत दिलं. आमच्या बाबांना त्यात मत नव्हतं, ते खासदार-आमदारांचं काम, पण पेढे वाटले त्यांनी. पण हाच विदर्भ बघा. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते, अन् पडले. घटना लिहिणारा माणूस. अन् तीस वर्षांनी, १९८४ ला, बाजूच्याच रामटेकने आंध्रच्या नरसिंह रावांना दिल्लीला पाठवलं, १९८९ ला परत पाठवलं. तर आपला कोण अन् परका कोण, याचा हिशोब लावायला गेलं की सुटत नाही.

मग म्हणतात लोक खिसा पाहतात. १९८० च्या वादसभेत रेगनने लोकांना हेच विचारलं होतं, चार वर्षांआधीपेक्षा तुमचं आज बरं आहे का? आमच्याकडे याला सोयाबीनला काय भाव आहे म्हणतात. यंदा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, अन् बाजारात चार हजाराच्या आसपास, अन् २० तारखेला विधानसभा, भाऊ फोनवर याच्याशिवाय दुसरं बोलतच नाही. मलाही वाटायचं खिसा फाटला की मत फिरतं. पण इथलं सोयाबीनवालं राज्य आयोवा पाहा. २०१८ ला चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला, भाव घसरला, सरकारने नुकसानभरपाई वाटली, अन् २०२० ला आयोवाने परत ट्रम्पलाच दिलं. आमच्या भावाला हे सांगितलं तर म्हणे, "भरपाई भेटली नं? मंग." अन् जरा थांबून, "अन् मानूस निवडून आनाले कोन जाते बे, दुसऱ्याले पाडाले जाते."

हे मात्र मला दोन्हीकडे दिसलं. माझ्या ऑफिसात जो तो समोरच्याला घाबरून मत देणार आहे, आपला उमेदवार आवडतो म्हणणारे कमीच भेटले.

अन् इतकं करून मतांची बेरीज वेगळीच. पोरीला मी इलेक्टोरल कॉलेज आमच्या ग्रामपंचायतीवरून समजावलं होतं. आमच्याकडे सरपंच आधी सदस्य निवडायचे, २०१७ ला थेट लोकांतून केला, २०२० ला परत सदस्यांकडे, २०२२ ला परत थेट. इथे अजून सदस्यच, ५३८, अन् २७० झाले की सरपंच. म्हणून २००० ला फ्लोरिडाच्या ५३७ मतांवर देशाचा अध्यक्ष ठरला अन् २०१६ ला हिलरी क्लिंटनला २८ लाखांवर मतं जास्त पडूनही त्या घरी. आपल्या पेनसिल्व्हेनियाची १९ आहेत. २०१६ ला इथला फरक ४४ हजारांचा, २०२० ला ८० हजारांचा. एवढं ऐकून तिने विचारलं, बाबा, मग त्या ५३८ लोकांना कोणी पळवून सहलीला का नेत नाही? मी म्हटलं, पोरगी दारव्ह्याची शोभते.

आता थोडं रागवतो, चालेल नं? मंडळाच्या अध्यक्षपदाला मागच्या वर्षी दोन जण उभे होते. दोघंही चांगले, दोघंही इथे बसलेत. आपण काय पाहिलं? हिशोब पाहिला? कार्यक्रम पाहिले? आपण पाहिलं पुण्याचा कोण अन् नागपूरचा कोण, अन् मी स्वतः सांबारवडीवर मत दिलंय, दोन खाल्ल्या होत्या त्यांच्याकडे. तेव्हापासून आपले ग्रुप दोन झाले. आता ट्रम्प-हॅरिसवरून दोनाचे चार होतायत. ज्या दोन घरांनी मिळून पोरांना मराठी शाळेत नेलं-आणलं, ती आज हॉलच्या दोन टोकांना बसली आहेत. पोरं बघतात. आपल्याला वाटतं ती फोनमध्ये आहेत.

तर परत त्या पुठ्ठ्यावर येतो, मला ते सुटतच नाहीये. आमच्या गावच्या शाळेत त्या खोक्याला किंमत काय, रद्दीवाला घेणार नाही. पण त्याच्या आत आमची आई, जिने घरात भाजी कोणती करायची हेही विचारून केलं, ती एकटी असायची. आता तर मशीनमध्ये चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही तिलाच. अन् इथे एवढा मोठा देश, मतपत्रिका घरपोच, माझ्या टेबलवर, माझ्या फळांच्या टोपलीशेजारी. कायदा आहे, नाही असं नाही. मतपत्रिका आधी आतल्या लिफाफ्यात टाकायची, तो नसला तर मतच बाद. पण तो लिफाफा ऑफिसातल्या लोकांपासून झाकतो. बापापासून काय झाकणार?

सौ. म्हणतात, एवढा विचार करतोस तर तिला सॉरी म्हण. म्हटलं. सोमवारीच म्हटलं. पण म्हणताना मधेच "तरी पण टॅक्सचं एकदा वाचून घे" असं तोंडातून निघून गेलं.

आईला फोन केला, ती सगळं ऐकून म्हणे, "पोरगी माह्यावर गेली." खूश होती. मी विचारलं, आई, बाबांना कधीच कळलं नसेल का गं? तर म्हणे, "कोनाले मालूम." अन् मग बराच वेळ दोघं कोणी काही बोललो नाही.

लिफाफा अजून घरीच आहे. मंगळवारी रात्री आठच्या आत काउंटीच्या ऑफिसात पोचायला हवा, आता पोस्टाचा भरवसा नाही, हाताने नेऊन टाकावा लागेल. गाडी मी काढतो म्हटलं तर नको म्हणाली. काल पणत्या लावताना मी परत विषय काढलाच, राहवत नाही, जात्याच तसा आहे. दहा मिनिटं बोललो असेन, अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण, सगळं. तिने वाद घातला नाही. पणतीत तेल घालत होती, वर पाहिलं, अन् गोड हसून म्हणाली, "हाव बाबा."