ओसरीवरचे चित्र

मंडळी, वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत पीकपाणी आणि संतसाहित्य सोडून चित्राविषयी बोलायचे, आणि तेही ज्यात माणूस, बैल, झाड यांपैकी काहीच नाही अशा चित्राविषयी, हे जरा धाडसच आहे. नागपूरला चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या मामांनी वास्तुशांतीला दिलेले हे चित्र गेली ३० वर्षे आमच्या ओसरीवर टांगलेले आहे. खाली डावीकडे लाल रंगाचा मोठा, जाड थर, वर उजवीकडे निळ्याची अरुंद पट्टी आणि दोहोंच्या मधून गेलेली हळदी पिवळी रेघ, जी एके ठिकाणी सुरीने खरवडल्यासारखी तुटते. एवढाच त्याचा ऐवज. पाण्याचा गडू खाली ठेवता ठेवता प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे काय हाय, गुरुजी?"

या प्रश्नाने मी पुष्कळ वर्षे ओशाळत असे आणि वेळ मारून नेत असे: लाल म्हणजे पळस, निळे म्हणजे आभाळ, पिवळी म्हणजे धुऱ्यावरची वाट. पाहुण्यांचे समाधान होई. पण एकदा पळस म्हटले की मलाही पुढे कित्येक दिवस तिथे पळसच दिसे, आणि तो थर कुठे पातळ झाला आहे, त्याखालून कोणता रंग डोकावतो, हे दिसेनासे होई. १९२४ साली नागपुरातच जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे ज्यात वस्तूच नाही असे, म्हणणे पसंत करत. त्या शब्दाने माझी सुटका केली, कारण जी वस्तू नाहीच ती ओळखण्याची जबाबदारीही मग उरली नाही.

माझ्या आईला मात्र अशा शब्दाची गरज पडली नाही. एका दिवाळीत घर रंगवून झाल्यावर चित्र उलटे टांगले गेले आणि पंधरा दिवस आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. आई म्हणाली, "जड बाजू वर गेली ना. आंगावर पडते का काय, असं वाटते." जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना ती तुकडे मांडून, दोन पावले मागे सरून, डोळे बारीक करून पाहत असे. एखादा तुकडा कशासारखा दिसतो हे तिने कधी विचारले नाही. शेजारच्या तुकड्याशी त्याचे कसे जमते, एवढेच ती पाही.

चित्र घरात असण्याचा खरा लाभ कळतो तो तिन्हीसांजेला. कलादालनात चित्र बहुधा ठरावीक उजेडात आणि घाईने पाहिले जाते. आमच्या ओसरीवर, दिवस मावळल्यापासून दिवा लागेपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत, दुपारभर हुकूम गाजवणारा लाल थर आधी विटकरी आणि मग काळपट होतो, आणि दिवसभर कोपऱ्यात गप्प असलेली निळी पट्टी उजळून पुढे येते. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच पालट फुलांच्या रंगांत टिपला होता आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भरपूर उजेडात डोळ्यातील शंकुपेशी काम करतात. उजेड कमी होत गेला की दंडपेशींवर भार येतो, आणि त्यांना निळसर-हिरवा प्रकाश चांगला जाणवतो, लाल मात्र जवळजवळ जाणवतच नाही. मामांना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे; मला ते भारनियमनाने शिकवले, आणि त्या खात्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे चांगले एवढेच आहे.

चित्र आज इथे आणावे, असा संयोजकांचा आग्रह होता. मी ते मुद्दामच आणले नाही, कारण या सभागृहात ट्यूबलाइट आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सहाच्या सुमारास घरी यावे. चहा होईल, आणि दिवा जरा उशिरा लावू.