कडेवरचं भावंड

श्रोतेहो, नमस्कार.

चौथीच्या वर्गाची हजेरी घेताना एका मुलीच्या नावापुढं काय लिहायचं, हे मला कित्येक दिवस सुचायचं नाही. ती शाळेत रोज यायची, पण वर्गात नसायची. खिडकीबाहेर उभी असायची, कडेवर दहा महिन्यांचा भाऊ. आत आली की तो रडायचा, आणि तो रडला की सगळा वर्ग पाटी सोडून त्याच्याकडं बघायचा. मग तिनंच तोडगा काढला. "बाई, मी हितंच उभा राहतो. तुम्ही शिकवा." आमच्या कोल्हापुराकडं मुलीसुद्धा 'जातो, येतो' असंच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटते. तर ती 'उभा राहिली'. आई भांगलणीला, वडील फाउंड्रीत, आजी आदल्या वर्षी गेलेली. सतराचा पाढा त्या पोरीनं खिडकीचा गज धरून पाठ केला. पाचवीला मात्र तिचं नाव कुठल्याच शाळेत पडलं नाही.

हजेरीपटावर मी तिला वर्षभर 'हजर' लावलं. आता निवृत्त झालेय, कबूल करायला हरकत नाही.

लहान मुलांचा सांभाळ सरकारी खर्चानं, घरच्यांकडून पैसा न घेता व्हावा का, यावर मला आज बोलायचंय. लपवून ठेवत नाही, माझं उत्तर 'व्हावा' असं आहे. आणि सुरुवात तीन वर्षांच्या आतल्या बाळांपासून व्हावी. त्या खिडकीबाहेर जे बाळ होतं ना, त्या वयापासून.

शाळा मोफत का असावी, हे कोल्हापूरकराला पटवून द्यावं लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या वेळचा रुपया, म्हणजे मजुराच्या घरात रडारडच. पण घरी राहिलेलं पोर तेव्हा काय करत असेल? ढोरं राखत असेल, नाहीतर धाकट्याला राखत असेल. ढोरं शेजाऱ्याच्या ढोरांबरोबर माळावर सोडता येतात. धाकट्याला कुठं सोडणार? बाजेच्या पायाला साडीच्या काठानं बांधून ठेवलेलं मूल मी पाहिलंय, आणि त्या आईला मी एक शब्द बोलू शकले नाही. तिला रोजगार बुडवून चालणार नव्हतं.

हे कोडं ज्यांनी ओळखलं त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर. पाड्यावरची वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आपण एवढंच लक्षात ठेवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, तिचं नाव विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. थोरलीनं शाळेत बसायचं असेल तर तिच्या कडेवरचं बाळ आधी कुणीतरी उतरवून घ्यायला हवं, इतका साधा हिशेब. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आजच्या अंगणवाड्यांची योजना, सुरू झाली. सरकारनं कोसबाडचा शब्द उचलला, पाळणाघर मात्र टेकडीवरच राहिलं.

आज देशात चौदा लाखांच्या घरात अंगणवाड्या आहेत. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथं काही तास बसतात, खातात, गाणी म्हणतात. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला काय मिळतं? वजन होतं, लसीची आठवण होते, आहाराची पाकिटं घरपोच येतात. आणि बाळ घरी. थोरल्यांचंही तेच, अंगणवाडी दुपारी सुटते आणि आईचं काम संध्याकाळी. मधल्या वेळाचं काय, याला कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही.

कायद्याच्या पुस्तकातही हे बाळ असंच मागं राहिलंय. १९५० च्या आपल्या घटनेत कलम ४५ होतं: चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. 'सगळ्या मुलांना', म्हणजे पाळण्यातलंही त्यात आलंच की. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क मिळाला, सहाच्या आतल्यांच्या वाट्याला 'प्रयत्न करील' हे जुनंच वाक्य आलं. आपण त्या दिवशी आनंदच साजरा केला. मीही केला, शाळेत खडीसाखर वाटली होती.

आता आपल्याच जिल्ह्यात एक फेरी मारू. आजरा-चंदगडकडं काजूच्या कारखान्यांत बायका दिवसभर काजू सोलतात. हुपरीत चांदीच्या पैंजणांचं कितीतरी काम घराघरांत चालतं. बाई घरात बसून काम करते, म्हणून 'मूल आईपाशीच आहे' असं आपण धरून चालतो. आईपाशी आहे खरं, पण आईचे डोळे आणि दोन्ही हात कड्या जोडण्यात आहेत. रांगतं मूल आणि तापलेली हत्यारं एकाच खोलीत. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. त्या कोयत्याला मूल असतं हे मुकादमाच्या वहीत कुठं येत नाही. पहाटेच्या थंडीत फडात पाचटावर गोधडी अंथरून बाळ निजवलेलं असतं आणि राखायला सात-आठ वर्षांची बहीण. तीस वर्षांपूर्वी माझ्या खिडकीबाहेर जी होती तीच, फक्त आता बांधावर.

मालकांनी पाळणाघर चालवावं, असा कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे ना. १९४८ च्या कारखाने कायद्यात, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं, असं लिहिलं होतं. हिशेबी मालकानं याचा काय अर्थ काढला असेल? तीसवर थांबायचं. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा दुरुस्त झाला, तेव्हा पन्नास किंवा अधिक कामगार, मग ते बाई असोत की पुरुष, अशी मोजणी आली. हे शहाणपणाचं झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता येईल अशीही तरतूद आहे. पण भांगलणीला कुठला मालक आणि कुठले पन्नास? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं कुणाच्या दारात पाळणा बांधायचा? २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं निदान एक वाट दाखवली होती. कामावर सहा वर्षांच्या आतली पाच मुलं आली, तर बायकांपैकीच एकीला त्यांच्याकडं बघायला बसवायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं ही मजुरी आहे, हे त्यात पहिल्यांदा धड मान्य झालं, असं मला वाटतं.

पाळणाघराची ओझी मालकाच्या गळ्यात घातली की तो बाईलाच कामावर घेताना कचरतो. म्हणून हा खर्च सगळ्यांच्या करातून व्हावा, रस्त्यासारखा, नळाच्या पाण्यासारखा. केंद्राची 'पाळणा' नावाची योजना २०२२ पासून आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. दिशा बरोबर आहे, संख्या मात्र गरजेच्या मानानं चिमूटभर. आणि शेजारी बघा. कागल ओलांडलं की कर्नाटक. तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये चार हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरं काढायचं जाहीर केलं, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. नाव ठेवलंय 'कूसिन मने'. कानडीत कूसु म्हणजे बाळ, मने म्हणजे घर. आपल्याकडं कूस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भाषा सीमेवर अशी हात धरून उभी असते, भांडतो ते आपण.

आता आक्षेप. 'मूल आईनं वाढवावं, सरकारनं कशाला?' हा मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला जातो, आणि ऐकवणाऱ्या बहुतेकांनी स्वतः दुपटं कधी बदललेलं नसतं. सरकारनंच २०२४ मध्ये लोकांचा वेळ कुठं जातो याची पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तसं काम करणारे पुरुष ८८. मुलाबाळांचं आणि आजारी-म्हाताऱ्यांचं जे करतात, त्यांतल्या बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. तेव्हा आई वाढवतेच आहे. पाळणाघर तिच्याकडून मूल काढून घेत नाही, दिवसातले सहा-आठ तास तिला हात मोकळे करून देतं.

'श्रीमंतांच्या पोरांना फुकट कशाला?' हा दुसरा. यावर माझंही मन आधी डळमळत होतं. दाखला आणा, पिवळं रेशनकार्ड दाखवा, उत्पन्नाची अट, हे सगळं मी शाळेत शिष्यवृत्तीच्या फॉर्मात उभं आयुष्य पाहिलं. ज्याला गरज असते त्याचाच दाखला तलाठ्याकडं अडकलेला असतो. आणि फक्त गरिबांसाठी काढलेली गोष्ट हळूहळू गरीब होत जाते. गळकं छप्पर, वेळेवर न आलेलं धान्य, आणि बोलायला कुणी नाही. फौजदाराचं, डॉक्टरचं, बँकेतल्या बाईचं मूल त्याच सतरंजीवर बसू लागलं की दुसऱ्या आठवड्यात छप्पर दुरुस्त होतं. यासाठी तरी श्रीमंताला फुकट द्या. त्याच्याकडून घ्यायचं ते कराच्या वेळी घ्या.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. कॅनडात क्युबेक नावाचा प्रांत आहे. तिथं १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर एवढ्या कमी दरात पाळणाघरं सुरू झाली. आया मोठ्या संख्येनं कामाला लागल्या. पण मागणी भराभर वाढली, चांगल्या जागा तेवढ्या वाढल्या नाहीत, आणि पुढं अभ्यासकांना काही मुलांत चिडखोरपणा, अस्वस्थता वाढल्याचं आढळलं. स्वस्त केलं, पण चांगलं सगळीकडं झालं नाही. रांगत्या मुलांचं काम शाळेसारखं नसतं. चाळीस पोरांना मी एकटी पाढे शिकवू शकत होते. एका वर्षाची चाळीस बाळं एका बाईच्या हवाली करणं म्हणजे कोंडवाडा. पाच-सहा बाळांमागं एक माणूस हवं, आणि ते माणूस दर तीन महिन्यांनी बदलता कामा नये, कारण बाळ वास ओळखतं.

म्हणजे शेवटी प्रश्न येतो त्या माणसाच्या पगाराचा. 'मोफत' हा शब्द उच्चारताना मला इथं अडखळायला होतं. अंगणवाडी सेविकेला आपण पगार देत नाही, 'मानधन' देतो. मोठा गोड शब्द. केंद्रानं २०१८ मध्ये ठरवलेला त्यातला आधार महिन्याला ४,५०० रुपये, मदतनिसाला त्याच्या निम्मा, वर राज्य आपली भर घालतं. ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून या बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा २०२२ मध्ये हक्क मान्य झाला. उद्या याच सेविकेला सांगाल की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाळंही सांभाळ, मानधन तेच, तर पाळणाघर मोफत झालं असं मी म्हणणार नाही. एका गरीब बाईनं दुसऱ्या गरीब बाईच्या वाट्याचे पैसे भरले, एवढंच. वेगळं माणूस नेमा, शिकवा, पगाराला पगार म्हणा. जागेचं म्हणाल तर ती आहे. पट घसरल्यामुळं किती जिल्हा परिषद शाळांच्या खोल्या कुलूपबंद आहेत, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. माझा तो चौथीचा वर्गसुद्धा आता बंद आहे. खिडकी तशीच आहे, गज गंजलेत.

येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या बैठकीत कुणी पाळणाघराची घोषणा केली तर टाळ्या वाजवण्याआधी एकच विचारा, ते बंद किती वाजता होणार? दुपारी बंद होणार असेल तर ते पाळणाघर नव्हे.

माझं स्वतःचं विचाराल तर मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या महिन्यात पुन्हा कामाला लागले. नातू चौदा महिन्यांचा आहे. सूनबाई कागलच्या औद्योगिक वसाहतीत, मुलगा शिरोलीला. चांगल्या पाळणाघराची चौकशी केली तेव्हा तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा तिथंच जाणार असं दिसलं. तेव्हा घरात सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. प्रेमानं पाहिलं, तक्रार नाही. पण गुडघे माझे आहेत, आणि पोरगं आता पळतं.

आज इथं ध्वनिमुद्रणाला यायचं होतं, म्हणून त्याला शेजारच्या काकूंकडं ठेवून आलेय. त्यांचं वय सत्तर. त्या काही घेत नाहीत, विचारलं तर रागावतात. जाताना मिरजकर तिकटीवरून त्यांच्यासाठी पावशेर जिलेबी न्यायची आहे, आणि दीडच्या आत पोचायला हवं, कारण त्यांची औषधाची वेळ तीच आणि त्याच्या झोपेचीही तीच.

नमस्कार.