बधिर करणारं इंजेक्शन आणि पसरणारी पेशी

मंडळी, विषय जाहीर झालाय तो स्तनाच्या कर्करोगातल्या पेशी हलतात कशा आणि त्यात आयन चॅनेलचं, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या सोडियमसारख्या विद्युतभारित कणांच्या दरवाजांचं, काम काय, हा. तिकडे येतोच. पण आधी मला परळबद्दल बोलू द्या.

दात काढताना हिरडीत टोचतात ते लिडोकेन तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतलं असेल. झायलोकेन म्हटलं की लगेच ओळखाल. परळच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातल्या अकरा केंद्रांत १,६०० स्त्रियांवर त्याची चाचणी घेतली. रोग लवकर सापडलेला, शस्त्रक्रिया ठरलेली. निम्म्या जणींना गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती सगळीकडून लिडोकेन टोचलं, निम्म्यांना नाही. पुढचे उपचार दोन्हीकडे नेहमीचेच. पाच वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के. शंभरामागे जवळजवळ चार जणी! त्या चार घरांचा विचार करा.

२०२३ मध्ये हे 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त छापून आलं. तरी ही चाचणी कुणाला माहीत आहे, असं मी जिथे जिथे विचारतो तिथे हात वर होत नाहीत. आजही दोनच झाले. याचा मला मनापासून राग येतो. लिडोकेन १९४०च्या दशकातलं, पेटंट कधीच संपलेलं. ते विकून कुणाचं भलं होणार नाही, म्हणून त्याच्यासाठी गावोगाव फिरणारा प्रतिनिधीही नाही. एका चाचणीवर सगळं ठरवू नये, ती इतर देशांतही व्हायला हवी, हे मला मान्य आहे. पण ती व्हावी म्हणून आग्रह कुणी धरायचा?

आता मुद्दा असा, की लिडोकेन मज्जातंतूतले सोडियम चॅनेल बंद करतं. सोडियम आत शिरला नाही की संदेश पुढे जात नाही, दुखणं कळत नाही. मग स्तनाच्या पेशीशी त्याचा संबंध काय? आपल्या पाठ्यपुस्तकांत हे चॅनेल मेंदू आणि हृदयाच्या प्रकरणांत असतात, कर्करोगाच्या प्रकरणात त्यांचं नावही नसतं...

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

१९९५ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मुस्तफा जामगोझ यांच्या गटाला उंदरांच्या प्रोस्टेट कर्करोगात दिसलं, की जोरात पसरणाऱ्या पेशींत सोडियम चॅनेल आहेत, कमी पसरणाऱ्यांत नाहीत. पफर माशाच्या विषाने ते बंद केले की पेशींची घुसखोरी साधारण एक तृतीयांशाने घटली. २००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत त्यांना सापडला हृदयातला चॅनेल, एनएव्ही १.५, आणि तोही त्याच्या नवजात रूपात, म्हणजे जन्माच्या सुमारास असतो त्या रूपात.

मज्जातंतूत हा दरवाजा क्षणभर उघडतो आणि मिटतो. कर्करोगाच्या पेशीत तो किंचित किलकिला राहतो आणि सोडियम झिरपत राहतो. त्यामुळे शेजारचा एनएचई १ हा पंप जास्त आम्ल बाहेर टाकू लागतो. आम्लात कॅथेप्सिन नावाची विकरं जोमाने काम करतात आणि भोवतीचं जाळं पचवून पेशीला वाट मोकळी करून देतात. फ्रान्समधल्या तूर इथल्या संशोधकांनी हे टप्पे उलगडले. प्रयोगशाळेत हा चॅनेल बंद केला, तर पेशींची वाढ थांबत नाही, घुसणं कमी होतं. आणि माणूस दगावतो तो बहुतेक वेळा स्तनातल्या गाठीने नव्हे, फुप्फुसात, यकृतात, हाडांत गेलेल्या पेशींनी.

पोटॅशियम, कॅल्शियमचे चॅनेलही यात आहेत, ते आज राहिले.

मागच्या ताईंचा प्रश्न: मग मुंबईत हेच घडलं का? शस्त्रक्रियेत गाठ हाताळताना पेशी सुटू नयेत, हा चाचणीमागचा विचार होता आणि तो या शास्त्राशी जुळतो. पण लिडोकेन शरीरात इतरही कामं करतं, आणि चाचणीने मोजलं ते स्त्रियांचं आयुष्य, त्यांच्या गाठीतले चॅनेल नव्हेत. काढलेल्या गाठींत नवजात एनएव्ही १.५ किती आहे ते तपासायचं, आणि ज्यांच्यात तो जास्त त्यांनाच इंजेक्शनचा फायदा जास्त झाला का ते पाहायचं. हा अभ्यास आपल्याकडे व्हावा असं मला फार वाटतं.