दीपगृहातलं ‘गृह’: आईल ऑफ मे बेटावरची बत्ती

आपण दीपस्तंभ म्हणतो आणि दीपगृहही म्हणतो, कोकणात तर सरळ ‘बत्ती’. पण मला आज त्यातल्या ‘गृह’ या भागावर बोलायचंय, कारण हे स्कॉटलंडमधल्या आईल ऑफ मे बेटावरचं दीपगृह पहिल्यांदा बघितलं तर कुणालाही वाटेल की ही एखादी गढी आहे. टेकडीवर दुमजली दगडी इमारत, वर किल्ल्यासारखी कंगोऱ्यांची कड, मधोमध चौकोनी मनोरा, आणि त्याच्या डोक्यावर बत्ती.

फर्थ ऑफ फोर्थ ही एडिनबरासमोरची मोठी खाडी, तिच्या तोंडाशी हे बेट आहे, लांबी दोन किलोमीटरच्या आत, रुंदी अर्धा किलोमीटरही नाही. इथे 1636 मध्ये पहिली बत्ती आली. बत्ती कसली, शेकोटीच म्हणा! चौकोनी दगडी बुरूज, सपाट गच्चीवर लोखंडी जाळी, आणि तिच्यात रात्रभर कोळसा जाळायचा. वर्षाला साधारण 400 टन लागायचा, तो कप्पीने वर ओढायचा, आणि राख? ती खाली बुरुजाशेजारीच टाकायची, वर्षानुवर्षं.

जानेवारी 1791 मध्ये त्या राखेच्या ढिगाने पेट घेतला, आतल्या आत धुमसत राहिला, आणि बत्ती सांभाळणारा कीपर जॉर्ज अँडरसन, त्याची बायको आणि पाच मुलं धुराने गुदमरून गेली. मदत पोचायला काही दिवस गेले, तेव्हा त्यांची एक तान्ही मुलगी तेवढी जिवंत सापडली. मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे ही गोष्ट ऐकली की मला आधी प्लॅन दिसतो, आग वर, राख बाजूला आणि माणसं त्या दोघांच्या मधे. म्हणजे जहाजांचा विचार झाला होता, खाली झोपणाऱ्या माणसांचा झालाच नव्हता.

आणि जहाजांसाठी तरी ती पुरेशी होती का? कोळशाची आग लांबून दुसऱ्या कुठल्याही आगीसारखीच दिसते. डिसेंबर 1810 मध्ये नौदलाची दोन जहाजं, पॅलस आणि निम्फ, डनबारजवळ किनाऱ्यावर आदळून फुटली, कारण किनाऱ्यावरची एक चुनाभट्टी त्यांना मे बेटाची बत्ती वाटली. मग 1814 मध्ये स्कॉटलंडच्या दीपगृह मंडळाने पोर्टलंडच्या ड्यूककडून हे बेट 60,000 पौंडांना विकत घेतलं आणि नवी बत्ती बांधायचं काम इंजिनिअर रॉबर्ट स्टीव्हन्सनकडे दिलं.

हा तोच स्टीव्हन्सन ज्याने त्याआधी बेल रॉकची बत्ती बांधली होती. तिथे भरतीला खडक अख्खा पाण्याखाली जातो, म्हणून मनोरा गोल, खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे लाट अंगावरून घसरून जाते, आणि कुटुंबं लांब आर्ब्रोथ गावात. मे बेटावर टेकडी होती, बत्ती समुद्रापासून 73 मीटरवर, तिथे लाट पोचायचा प्रश्नच नाही, मग मनोरा गोल कशाला हवा? चौकोनी चालतो, आणि चौकोनी मनोऱ्याभोवती चौकोनी खोल्या नीट बसतात, कपाट भिंतीला लागतं, पलंग कोपऱ्यात जातो. मनोरा फक्त 24 मीटरचा, कारण बाकीची उंची टेकडीच देते. तीन कीपर आणि त्यांच्या घरच्यांची सोय खाली, शिवाय तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी खोल्या, त्यामुळे हा गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपी किल्ल्या-चर्चसारखा थाट कीपरसाठी होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तो मंडळाचा रुबाब होता. पण त्या रुबाबामुळे कीपरला पक्कं, कोरडं दगडी घर मिळालं हेही खरं.

1 सप्टेंबर 1816 ला तेलाचे दिवे आणि आरसे लावून ही बत्ती पेटली आणि कोळसा संपला. पण 1886 मध्ये वीज आली, वाफेच्या इंजिनावर तयार होणारी, म्हणजे कोळसा परत बेटावर! फक्त आता इंजिनघर बत्तीपासून दूर, खालच्या दरीत, आणि राहत्या घरात धूर नाही. खर्च परवडेना म्हणून 1924 मध्ये पुन्हा तेलाचा दिवा आला.

आपल्याकडे थळसमोरच्या खांदेरीवर 1867 ची बत्ती आहे, तिथे होडीने जाऊन आलेले इथे बरेच असतील, त्यांना बेटावर संसार म्हणजे काय याचा अंदाज येईल. गोडं पाणी, रॉकेल, पीठ, सगळं समुद्र देईल तेव्हाच. मे बेटावरून कुटुंबं 1972 मध्ये हलवली, नंतर कीपर पाळीपाळीने यायचे, आणि 31 मार्च 1989 ला बत्ती आपोआप चालणारी झाली.

हा शेवटचा फोटो. उजवीकडे स्टीव्हन्सनची गढी. डावीकडे हे जे बुटकं पांढरं दिसतंय ना, तो 1636 चा बुरूज. स्टीव्हन्सन तो पाडणार होता, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट 1814 मध्ये त्याच्याबरोबर इथे आला आणि म्हणाला, सगळा पाडू नका, खालचा भाग राहू द्या, भग्न वास्तू म्हणून छान दिसेल. म्हणून तेवढा राहिला. दोन्ही इमारतींमधलं अंतर मी पावलांनी मोजायला निघालो होतो, पण मधे आलो तेव्हा त्या तान्ह्या मुलीची आठवण झाली आणि आकडा विसरलो.