सत्तर किलोंचा ताण

धूळ पुसण्याआधी या जुन्या गिटारच्या तारा उतरवू. सहाही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीनं. स्टीलच्या तारा स्वरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ताण ७० किलोंच्या आसपास जातो, आणि तो पेलणारी वरची फळी असते जेमतेम ३ मिलिमीटरची. जुन्या गिटारमध्ये जे बिघडलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं या ओढीनंच बिघडलेलं असतं.

ब्रिजची, म्हणजे तारा जिथे फळीवर अडकवतात त्या लाकडी पट्टीची, मागची कड पाहा. तिच्याखाली कागद सरकवला, तर तो आत जातोय. म्हणजे ब्रिज सुटायला लागलाय. त्याच्या मागे फळीला थोडा फुगवटाही आलाय. थोडा असेल तर असू द्यावा. दाबून सपाट करायला गेलं, तर फळी तडकते.

आता साउंडहोलमधून, म्हणजे फळीतल्या गोल भोकातून, छोटा आरसा आणि दिवा आत घालू. या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या. इंग्रजी एक्ससारखी ही मांडणी १८४०च्या दशकात अमेरिकेत, मार्टिन या गिटार बनवणाऱ्याच्या गिटारमध्ये आली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलचा जास्तीचा ताणही याच मांडणीनं पेलला. बोटाच्या पेरानं फळीवर हलकेच ठोकत जायचं. जिथे खरखर ऐकू येईल, तिथली पट्टी सुटलेली आहे.

आणि इथे जुना सरस दिसतोय. जनावराच्या कातड्यापासून केलेला हा सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. म्हणूनच जुनी वाद्यं पुन्हा उघडता येतात. मला ही सोय फार मोलाची वाटते. ब्रिजखाली एपॉक्सी, हा कडक होणारा रासायनिक गोंद, भरणारा माणूस आपलं काम पक्कं करतो, पण पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करतो. तसं करू नका. ब्रिज ऊब देऊन, पातळ पातं हळूहळू सरकवत सोडवायचा. दोन्ही बाजूंचा जुना थर खरवडून लाकूड उघडं करायचं, मग सरस किंवा पिवळा लाकूडगोंद लावून क्लॅम्प कसायचे. क्लॅम्प दुसऱ्या दिवशीच काढायचे.

फळीला चीर असेल, तर घाई नको. लाकूड सुकून आकसलं की चीर रुंदावते. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत काही दिवस ठेवली, तर बऱ्याच चिरा आपोआप जवळ येतात. मग गोंद भरायचा आणि आतून लाकडाच्या रेषांना आडवे, पातळ लाकडी तुकडे चिकटवायचे.

पॉलिशला मात्र हात लावू नका. जुनं पॉलिश लाखेचं असलं तर स्पिरिटनं विरघळतं, लॅकरचं असलं तर थिनरनं. किंचित ओलसर मऊ कापड पुरे. ओरखडे राहू देत. हे वाद्य कुणीतरी मनापासून वाजवलंय, ते दिसायलाच हवं.

तारा चढवल्या की पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तार एकदम दाबून पाहायचं. मधे, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरची फट हवी. कमीजास्त असेल, तर नेकमधला, म्हणजे मानेतला, ट्रस रॉड (तिचा बाक कमीजास्त करणारी धातूची सळई) एका वेळी पाव वळसाच फिरवायचा. तार किती उंच आहे, हे त्यानंतर बाराव्या फ्रेटवर मोजायचं. हा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर खाली यायचं असेल, तर सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या बारीक पट्टीच्या, बुडातून एक मिलिमीटर घासावं लागतं. थोडं घासायचं, बसवायचं, वाजवून पाहायचं आणि मगच पुन्हा काढायचं.