मालक अनेक, खातं एक

(पहाट. वाशीचा धान्य बाजार. ट्रकचा मागचा फाळका उघडतो.)

दहा टन तांदूळ आलाय. पन्नास किलोची एक, अशा दोनशे गोण्या. ट्रकच्या हौद्यात दोघं चढलेत, चौघं पाठीवर घ्यायला खाली उभे आहेत आणि दोघं आत गोदामात थप्पी लावायला. आठ जणांची ही टोळी. वाहणाऱ्या चौघांच्या वाट्याला प्रत्येकी पन्नास फेऱ्या येणार, म्हणजे माणशी अडीच टन. दमलेला माणूस थप्पीवर जाईल आणि थप्पीवरचा खाली येईल. ही अदलाबदल सांगावी लागत नाही.

आता वरच्या दोघांचे हात बघा. गोणीचे दोन कान धरले, एक झोका दिला आणि गोणी खालच्याच्या पाठीवर आडवी बसली. हौदा साधारण खांद्याच्या उंचीला असला की खालच्याला वाकावं लागत नाही. तो फक्त पाठ देतो. मान मोकळी, वजन खांद्यांच्या मागे, पावलं छोटी. डोक्यावरून न्यायचं असेल तर कापडाची चुंबळ हवी. माथ्यावर वाहतो तो माथाडी.

(थप्पीचं जवळून दृश्य.)

थप्पी म्हणजे नुसता ढीग नव्हे. खालच्या थरात तीन गोण्या एका दिशेला आणि दोन त्यांना काटकोनात आडव्या. वरच्या थरात हीच मांडणी उलटी फिरवायची, म्हणजे खालच्या दोन गोण्यांमधल्या फटीवर वरच्या गोणीचं पोट येतं आणि थर एकमेकांना बांधले जातात. गोणीचं शिवलेलं तोंड आतल्या बाजूला ठेवायचं. सुतळी सुटली तरी दाणे वाटेवर सांडत नाहीत आणि थप्पीची कड ढासळत नाही. पाच-पाचचे दहा थर झाले की पन्नास गोण्यांची एक थप्पी उभी राहते.

तागाची गोणी गोणीला धरून राहते. प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या मात्र एकमेकींवरून घसरतात, म्हणून त्यांची थप्पी बुटकी ठेवावी लागते. त्यांना आकडी, म्हणजे गोणी ओढायचा लोखंडी हूक, लावायची सोयही नाही. तागात शिरलेली आकडी निघाली की धागे पुन्हा जवळ येतात, प्लास्टिक मात्र फाटतच जातं. खाली फळ्या टाकल्या नसतील तर सगळ्यात खालचा थर ओल धरतो, मऊ पडतो आणि महिनाभरानं थप्पी एका बाजूला कलायला लागते. ती कललेली थप्पी उतरवणं हे या बाजारातलं सगळ्यात धोक्याचं काम.

पूर्वी या गोण्या शंभर किलोच्या असत. दहा टनांचं ओझं तेव्हाही दहा टनच होतं, फेऱ्या निम्म्या होत्या. पण मणका फेऱ्या मोजत नाही, एका वेळी किती भार आला तेवढंच त्याला कळतं. पन्नास किलोची गोणी ही माथाड्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी आहे.

(मशीद बंदर परिसरातल्या अरुंद गल्ल्या. हातगाड्या.)

आज वाशीत दिसणारा हा बाजार तेव्हा मुंबईत होता, मशीद बंदर, दाणाबंदर, भात बाजार या भागांत. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून आलेली माणसं इथं पाठ द्यायला उभी राहत. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा. माणूस आणायचा मुकादमानं, म्हणजेच टोळीवाल्यानं. पैसे त्याच्या हाती येत आणि त्यातला त्याचा हिस्सा काढून उरलेले टोळीत वाटले जात. आजच्या भाषेत सांगायचं तर मुकादम हीच तात्पुरती माणसं पुरवणारी एजन्सी होती. हजेरीची वही मात्र नव्हती.

त्यामुळे प्रश्न असा उभा राहायचा, की या हमालाचा मालक कोण? व्यापारी म्हणे, मी तर याला तासाभरासाठी घेतला. मुकादम म्हणे, मी फक्त माणूस आणला. कामगार कायदे एका मालकाकडे टिकून असणाऱ्या कामगाराला धरून लिहिलेले होते. मालकच ठरत नसेल तर भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा, ग्रॅच्युइटी कोणी द्यायची?

एक वाट बंदरात आधीच पडली होती. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राचा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबई गोदीची योजना आली. जहाज रोज येत नाही, म्हणून नोंदणी केलेल्या कामगारांचा राखीव ताफा ठेवायचा, पाळीनं काम द्यायचं आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरी लावली तर भत्ता द्यायचा. गोदीच्या भिंतीबाहेर तेच ओझं वाहणाऱ्या हमालाला यातलं काहीच लागू नव्हतं.

(अण्णासाहेब पाटील यांचं छायाचित्र. फुलांचा हार.)

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केलं. सरकारनं १९६५ साली समिती नेमली. तिचा अहवाल १९६७ साली आला. काम अधूनमधून मिळतं, मालक सतत बदलतो आणि टोळीतली माणसं कमी-जास्त होतात, म्हणूनच नेहमीचे कायदे इथं पोचत नाहीत, हे सरकारनं मान्य केलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. व्यापारी उच्च न्यायालयात गेले. कायदा टिकला.

या कायद्यानं मालक एकच असला पाहिजे ही अटच बाजूला ठेवली. मधे एक मंडळ बसवलं. मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सरकारचे एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार, रेल्वे माल, भाजीपाला अशी वेगवेगळी मंडळं उभी राहिली.

(मंडळाचं कार्यालय. नोंदवह्या, ओळखपत्रं, संगणक.)

इथून पुढचं नीट बघण्यासारखं आहे. व्यापाऱ्याची मंडळात नोंदणी होते, कामगाराचीही होते. कामगाराला नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र मिळतं, टोळीला तिचा क्रमांक. टोळीनं कोणत्या गाळ्यावर किती माल उतरवला याची नोंद होते आणि ठरलेल्या दरानं मजुरी निघते. ती व्यापारी कामगाराच्या हातात देत नाही, मंडळात भरतो. तिच्यावर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, भरतो. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो. समजा तो तीस टक्के आहे. मग दहा हजारांच्या मजुरीवर व्यापाऱ्यानं तेरा हजार भरायचे. वरच्या तीन हजारांतून निधीतला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी आणि मंडळाचा खर्च भागतो.

महिनाभरात या टोळीनं बारा गाळ्यांवर काम केलं असेल, तर बारा ठिकाणची मजुरी एकाच खात्यात येऊन पडते. मंडळ ती टोळीत वाटून प्रत्येकाच्या नावे जमा करतं. वीस-पंचवीस वर्षांत शंभर व्यापारी बदलले तरी नोकरी सलग धरली जाते. मुकादम आजही आहे, पण तो टोळीतलाच एक आहे आणि त्याच्या खांद्यावरही गोणी आहे.

(धान्य निवडणाऱ्या स्त्रिया. चाळण, सूप, दाभण.)

कायद्यात उचलणं-ठेवणं एवढंच धरलेलं नाही. वजन करणं, मापणं, गोणी भरणं, दाभणानं शिवणं, माल निवडणं, साफ करणं हे सगळं आहे. चाळण मारणारी बाई कायद्याच्या लेखी माथाडीच आहे, हे तिलाही कोणीतरी मुद्दाम सांगायला हवं.

(वाशी, कोपरखैरणे. रुंद रस्ते, वसाहती.)

१९८१ साली कांदा-बटाटा बाजार वाशीत आला, मग किराणा आणि धान्य, १९९६ साली भाजी आणि फळं. टोळ्याही मागोमाग आल्या. कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरं झाली, रुग्णालय झालं. हीच रचना धरून १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रानं वेगळा कायदा केला.

बिघाड कुठं होतो? नोंद चुकते तिथं. लेव्ही वाचवायला व्यापारी मजुरी रोख देतो. हातात पैसे लगेच पडतात म्हणून कामगारही घेतो. पण त्या दिवसाचं काम खात्यात नसतं, ना निधीत ना ग्रॅच्युइटीत. काही ठिकाणी ओझ्याला हात न लावता वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाखाली पैसे उकळणारी माणसं उभी राहिली आणि बदनामी खऱ्या टोळ्यांची झाली. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आलं. यंत्राच्या मदतीनं होणारं काम अंगमेहनतीत धरायचं नाही, असा त्याचा रोख होता. माथाडी संघटनांनी विरोध केला.

(पुन्हा गोदाम. सकाळचे साडेनऊ.)

चौथी थप्पी दहाव्या थराला आली. ट्रकचा हौदा झाडून काढला जातोय, सांडलेला तांदूळ वेगळा भरला जातोय. गाळ्याचा मेहताजी, म्हणजे व्यापाऱ्याचा हिशेबनीस, थप्प्या मोजतो, टोळीतला लिहिता माणूसही मोजतो. मेहताजीचे एकशे अठ्ठ्याण्णव, टोळीचे दोनशे. दोन गोण्या दाराआड उभ्या राहिल्या होत्या. पुन्हा मोजणी होते, आकडा दुरुस्त होतो, सही होते. चिठ्ठी मुकादमाच्या खिशात जाते आणि टोळी पुढच्या गाळ्याकडे वळते.